पुस्तकातली ‘माझी नोंद’ गेली. आज शाळेत काय शिकलो, हे मुलांनी आता लिहायचं कुठे?

“आज शाळेत काय शिकवल्यानी?”

“काय नाय.”

मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुठल्याही गावात संध्याकाळी घराघरांतून हे ऐकू येतं. पोर खोटं बोलत नसतं. दिवसभरात मराठी झालेलं असतं, गणित झालेलं असतं, विज्ञान, भूगोल सगळं झालेलं असतं. पण त्यातलं आपल्याला नेमकं काय कळलं आणि कुठे अडलं, हे त्याला वेगळं कोणी विचारत नाही. परीक्षेत प्रश्न येतो तो पुस्तकातला. त्यामुळे “काय नाय” हे उत्तर त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं.

हेच मुलांनी स्वतः लिहावं म्हणून सरकारने एक प्रयोग केला होता. मार्च २०२३ मध्ये निर्णय निघाला आणि २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षात आठवीपर्यंतच्या मुलांना मिळालेल्या बालभारतीच्या पुस्तकांत पाठ संपला की वहीसारखं कोरं पान आलं. त्यावर शीर्षक होतं ‘माझी नोंद’. वर्गात शिकताना महत्त्वाचे शब्द, सूत्रं, आपल्याला सुचलेलं काही मुलांनी तिथे लिहायचं, अशी कल्पना होती. दप्तराचं ओझं कमी करणं हा दुसरा हेतू. त्यासाठी वर्षाचं पुस्तक चार भागांत विभागलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला आणि २०२५-२६ पासून पुस्तकं पुन्हा पूर्वीसारखी झाली. कारण साधं होतं. मुलं पुस्तकाबरोबर वह्याही आणत राहिली आणि ही पानं हवी तशी वापरली गेली नाहीत. काहींनी त्यावर प्रश्नोत्तरं उतरवून काढली, काहींची कोरीच राहिली. पान दिलं, पण त्यावर लिहायचं काय हे मुलांना नीट सांगितलंच गेलं नाही, अडचण खरी तिथे होती.

मग कोकणातल्या पालकाला वाटेल, आपलं काय अडलंय? दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे असलेल्या या विभागाचा निकाल २०२४ ला ९९.०१ टक्के लागला, २०२५ ला ९८.८२ टक्के. राज्याचा निकाल त्या वर्षांत ९५.८१ आणि ९४.१० टक्के होता. अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण २०१९ चा निकाल आठवा. त्या वर्षी दहावीचा अभ्यासक्रम नवीन होता आणि भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे २० गुण बंद केले होते. राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पहिला आलेला आपला विभागही ८८.३८ वर थांबला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि कोकणचा निकाल ९८.७७ टक्के झाला. एका वर्षात मुलं काही दहा टक्क्यांनी हुशार झाली नव्हती. निकालावरून मूल पास झालं एवढं समजतं. ते काय शिकलं हे समजायला दुसरी वाट लागते, आणि ती वाट ३० रुपयांच्या वहीतूनही जाते.

पुस्तक मिटून लिहायचं

या वहीचा एकच कडक नियम आहे. लिहिताना पुस्तक आणि शाळेची वही दोन्ही बंद.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्यांना तो वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं झालं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. पाठ करून झोपलेल्या मुलाला सकाळी सगळं येतं आणि महिन्याने काहीच येत नाही, ते का, हे यावरून कळतं. पुस्तक समोर असलं की डोळ्यांना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असा आपला समज होतो.

आता समजा, देवबागात एक मुलगी आठवीत आहे आणि तिचा दादा दहावीत. दोघांच्या वहीत काय काय येऊ शकेल ते पाहू.

आजोबांचा हिशोब आणि भूगोलाचं पुस्तक

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, हे त्यात येतं. मुलगी ते पाठ करून गेल्या वर्षी पास झाली. पण घरात आजो वेगळाच हिशोब सांगतात, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. कोकण किनाऱ्यावर जुन्या माणसांना हा ठोकताळा माहीत असतो.

मग वहीत प्रश्न यायला हवा की पुस्तक रोज ५० मिनिटं म्हणतं, आजोंच्या हिशोबात तर रोज पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटंच होतात. बरोबर कोण?

इथे गणित कामाला येतं. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी. तेवढ्या काळात भरतीची वेळ १२ तास पुढे सरकते. १२ तास म्हणजे ७२० मिनिटं. त्यांना १५ ने भागलं की एका तिथीला ४८ मिनिटं येतात. तिथी ही पूर्ण २४ तासांच्या दिवसापेक्षा सरासरीने थोडी लहान असते, म्हणून पुस्तकातले ५० आणि हे ४८ एकमेकांना धरून आहेत. आणि ४५? ते तोंडी करायला सोपं म्हणून. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची, त्यामुळे पाऊणपट कोणालाही चटकन यायची, ४८ मिनिटांचा पाढा कोण म्हणणार? १५ व्या तिथीपर्यंत आजोंचा हिशोब पाऊण तासाने मागे पडतो, तेवढी चूक होडी ओढायला चालते. (समुद्रात जायचं असेल तर मात्र भरतीचं छापील वेळापत्रकच बघायचं.)

ही एक नोंद भूगोलाची, गणिताची, अपूर्णांकांची आणि आजोबांचीही झाली. अष्टमीला भांगाची भरती का असते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण का येतं, हा पुढचा प्रश्न तिला आपोआप पडेल. त्याचं उत्तर त्याच धड्यात आहे.

वाऱ्याचंही तसंच. खारे वारे दिवसा समुद्राकडून, मतलई वारे रात्री जमिनीकडून, हे पुस्तकात आहे. पहाटे होडी बाहेर काढणाऱ्याला आणि दुपारी परतणाऱ्याला ते पाठ करावं लागत नाही. मुलीने आठवडाभर सकाळी आणि दुपारी किनाऱ्यावर वारा कुठून येतो त्याचा नुसता बाण काढला तरी नोंद झाली. पावसाळ्यात हे जमणार नाही, तेव्हा मोसमी वाराच जोरात असतो. ते न जमणंसुद्धा लिहायचं.

चार फूट पाणी तीन फुटांचं दिसतं

दादाच्या दहावीच्या विज्ञानात प्रकाशाच्या अपवर्तनाचा पाठ आहे. त्याने व्याख्या घोकलेली असते, ‘पाण्याचा अपवर्तनांक १.३३’ हेही. पुस्तक मिटल्यावर त्याने लिहावं ते असं की वरून सरळ खाली पाहिलं तर पाण्याची खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपट दिसते. चार फूट पाणी तीन फुटांचं वाटतं. (पाऊणकी इथेही आली, पण हा योगायोग.) विहिरीत, तळीत किंवा खाडीत उतरणाऱ्या पोराला हे खरंच कळलेलं असेल तर ते तळ दिसतोय म्हणून उडी मारणार नाही. परीक्षेत या प्रश्नाला दोन-तीन गुण असतील. पाण्याच्या काठावर वाढणाऱ्या मुलाला त्याचं मोल त्याहून बरंच जास्त आहे.

आठवीत प्लावक बल येतं. कर्लीच्या खाडीतून समुद्रात गेल्यावर तीच होडी किंचित वर उचलली जाते, कारण खारं पाणी जड. हे बापसाला विचारून लिहिलं तर अजून चांगलं.

गणितात चूक लिहायची

गणिताची नोंद बाकी विषयांसारखी नसते. तिथे काय आलं यापेक्षा कुठल्या पायरीवर चुकलो ते लिहायचं. “उदाहरण चुकलं” असं लिहून उपयोग नाही. “कंसाबाहेर वजा होता, कंस सोडवताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही” अशी नोंद हवी. महिनाभरात अशा दहा नोंदी झाल्या की लक्षात येतं, त्यातल्या सहा-सात चुका एकाच जातीच्या आहेत. शिकवणी लावण्याआधी पालकांनी हे पान बघितलं तर बरेच पैसे वाचतील. शिक्षकांनाही त्याचा उपयोग आहे, वर्गातल्या बऱ्याच पोरांचं घोडं एकाच पायरीवर अडलेलं असू शकतं.

दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी येतो. पुस्तकातल्या दरांत १२ आणि २८ टक्केही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते टप्पे निघाले आणि बहुतेक वस्तूंवर ५ किंवा १८ टक्के दर लागू झाला. परीक्षेत उदाहरणात दिलेला दरच घ्यायचा, पण दुकानातलं खरं बिल वहीत चिकटवून त्यावरचा केंद्राचा आणि राज्याचा कर वेगळा काढून बघायला काय हरकत आहे? ज्या घरात न्याहारी-निवास योजनेवर चूल पेटते, तिथे तर हे मुलाला यायलाच हवं.

रोज दिसणारा किल्ला

इतिहासात कोकणातली मुलं एका बाबतीत नशीबवान आहेत आणि तिथेच फसतात. सिंधुदुर्ग रोज दिसतो, म्हणून तो माहीत आहे असं वाटतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यावर पूजन झालं, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला, हे चौथीपासून कानावर आहे. पण चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींना गोडं पाणी कसं, हा प्रश्न वहीत कितीजण लिहितील? तो इतिहासाचा आहे की विज्ञानाचा, हे ठरवत बसायची गरज नाही.

दहावीच्या इतिहासात पर्यटनावर एक आणि ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर एक असे धडे आहेत. मुलं ते ‘सोपे धडे’ म्हणून शेवटी वाचतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. म्हणजे या धड्याचं प्रात्यक्षिक मालवणच्या जेटीवर रोज चालू आहे. पर्यटक वाढले की किल्ल्याचं, होडीवाल्याचं, कचऱ्याचं काय होतं, यावर मुलाचं स्वतःचं मत हवं. दशावतारही त्याच पुस्तकात मनोरंजनाच्या धड्यात आहे. जत्रेत रात्रभर बसलेल्या मुलाला तिथे चार ओळी वाचाव्या लागतात आणि तो त्याच पाठ करतो, स्वतः पाहिलेलं लिहीत नाही. गंमतच म्हणायची.

‘माका’ आणि ‘मला’

मराठीची अडचण वेगळी आहे. घरात माका-तुका, पुस्तकात मला-तुला. काही मुलं वर्गात बोलत नाहीत ती येत नाही म्हणून नव्हे, तोंडातून मालवणी निघेल म्हणून. या वहीत दोन्ही चालायला हवं. घरात ‘व्हाळ’ म्हणतो, पुस्तकात ‘ओढा’ आहे, असे जोडीचे शब्द लिहीत गेलं की महिन्याभरात छोटा शब्दकोशच होतो. दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वमत विचारतात, तिथे गाईडमधलं मत सगळ्या वर्गाचं एकच निघतं. रोज दोन ओळी स्वतःच्या लिहायची सवय असेल तर तिथे कोणाचं उसनं मत लागत नाही. इंग्रजी-हिंदीसाठी जास्त काही नको, त्या दिवशी शिकलेला एक शब्द घेऊन आपल्या गावाबद्दल एक वाक्य पुरे.

पालकांनी काय करायचं?

“आमचा शिक्षण सातवीपर्यंत, आमी काय बघतलो?” हा प्रश्न रास्त आहे. पण बरोबर-चूक तपासायचंच नाहीये. वही हातात घेऊन एवढंच म्हणायचं, “ह्या माका समजाव.” मूल समजावू लागलं की अडतं कुठे ते त्यालाच कळतं. मग ती जागा दुसऱ्या दिवशी बाईंना किंवा सरांना विचारायची. रोज सगळे विषय नकोत. दोन विषय, दहा मिनिटं, बस. अक्षर आणि शुद्धलेखनावरून ओरडू नये, नाहीतर पोर पुन्हा पुस्तकातलंच उतरवून दाखवील.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जे समग्र प्रगती पत्रक सांगितलं आहे, त्यात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाने स्वतःचं केलेलं आणि वर्गमित्रांनी केलेलं मूल्यमापनही धरलं आहे. ‘मला काय आलं, काय नाही’ हे तिथे मुलाला लिहावं लागेल. ते पत्रक हातात पडेल त्या दिवशी पहिल्यांदा विचार करायला बसलेलं मूल “सर्व समजले” एवढंच लिहील. वर्षभराची वही असलेलं मूल लिहील की भरतीचा हिशोब येतो, कंस सोडवताना वजाबाकीचं चिन्ह अजून चुकतं, आणि साखरबावीचं पाणी गोड का, हे सरांना विचारायचं राहिलंय.