जुनी पुस्तके आणि रासायनिक अभिक्रियेचा वेग



माझ्या आजोळी, बेळगावला, एकाच कादंबरीच्या एकाच आवृत्तीच्या दोन प्रती होत्या. एक आजोबांनी विकत घेतलेली, दुसरी आजीबरोबर माहेराहून आलेली. आजोबांची प्रत माजघरातल्या भिंतीच्या कपाटात राहिली. आजीची प्रत ट्रंकेत भरून माळ्यावर गेली. पुष्कळ वर्षांनी घर आवरताना दोन्ही शेजारी ठेवल्या. कपाटातली पिवळी पडली होती, तरी वाचता येत होती. माळ्यावरच्या प्रतीचे पान उलटले की कोपरा पापडासारखा मोडून हातात येई. छापखाना एक, कागद एक, वर्षही एकच. मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवले. अभिक्रियेचा वेग कशाकशावर अवलंबून असतो हा धडा फळ्यावर कितीदा लिहिला असेल. पण तो अंगाला भिडला तो त्या दिवशी.

कागद जुना होतो म्हणजे काय होते? कागद हा मुख्यतः सेल्युलोजचा बनलेला असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. या साखळ्या लांब असतात तोवर कागद लवचिक राहतो. साखळीच्या दोन कड्यांमधला सांधा पाण्याच्या रेणूने उकलला की साखळी तुटते. असे सांधे पुरेसे तुटले की पान घडी सोसत नाही. आता, नुसत्या पाण्याने हे काम इतके सावकाश होते की त्याची चिंता करण्याचे कारण नाही. आम्ल हजर असले की मात्र ते भराभर होते.

हीच गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. पाक करताना तो साखरू नये म्हणून आपण त्यात लिंबू पिळतो. लिंबातल्या आम्लामुळे साखरेच्या रेणूतला सांधा पाण्याने उकलतो, ग्लुकोज व फ्रुक्टोज सुटे होतात, आणि त्या मिश्रणात स्फटिक सहज धरत नाहीत. लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली हीच अभिक्रिया मोजायला घेतली. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो, आणि साखर फुटत जाते तसतसा डावीकडे झुकतो. तेव्हा द्रावणाला हात न लावता, केवळ प्रकाशाचा कोन पाहून, कोणत्या क्षणी किती साखर उरली हे त्याला वाचता आले. त्याला आढळले की साखर फुटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. अभिक्रियेचा वेग गणिताच्या सूत्रात बसवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. यात आम्ल मात्र खर्च होत नाही. काम करून ते पुन्हा मोकळे होते आणि दुसरा सांधा उकलायला जाते. अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो.

साखर आणि सेल्युलोज यांतला सांधा एकाच घराण्यातला. म्हणून पाकात पिळलेले लिंबू आणि आजीच्या कादंबरीतले आम्ल सारखेच काम करत होते. फरक एवढाच, की पाकाला मिनिटे लागतात आणि कागदाला दशके.

पण कागदात आम्ल आले कोठून? शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. आपल्याकडचा जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद खळ देऊन घोटून गुळगुळीत केलेला असे. पेशवाईतले मोडी कागद आजही उलगडतात ते त्यामुळे, आणि काजळाच्या शाईमुळेही, कारण काजळ कागदाला काही करत नाही. युरोपात १८०७ साली मोरित्झ इलिग याने राळ आणि तुरटी वापरून खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती. पुढे कारखान्यांनी तुरटीच्या जागी ॲल्युमिनियम सल्फेट घेतले, आणि दमट हवेत त्यापासून कागदातच आम्ल तयार होऊ लागले. त्याच शतकात चिंध्यांची जागा लाकडाच्या लगद्याने घेतली. स्वस्त लगद्यात लिग्निन राहते, आणि उजेडात तेच पिवळे पडते. उन्हात विसरलेले वर्तमानपत्र दोन दिवसांत रंग बदलते, ते यामुळे. आपल्या आजोबा-पणजोबांनी हौसेने जमवलेली पुस्तके नेमकी या काळातली. दोनशे वर्षांपूर्वीची पोथी धडधाकट आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा मासिकाचा अंक खिळखिळा, हे आपण घरोघर पाहतो ते याचसाठी.

आता माळ्याकडे येऊ. तापमान वाढले की रेणूंची धावपळ वाढते, हे खरे, पण तेवढ्याने उत्तर मिळत नाही. तीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेले तर रेणूंची सरासरी ऊर्जा जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते. मग अभिक्रियेचा वेग दुप्पट कसा होतो? याचे उत्तर स्वान्ते अर्‍हेनियस याने १८८९ साली दिले, आणि त्यासाठी त्याने साखर फुटण्याचीच उदाहरणे घेतली. प्रत्येक अभिक्रियेच्या वाटेत एक घाट असतो. तो ओलांडण्याएवढी ऊर्जा असलेले रेणू कोणत्याही क्षणी फारच थोडे असतात. सरासरी किंचित वाढली की या थोड्यांची संख्या मात्र झपाट्याने वाढते. घाट जितका उंच, तितका तापमानाचा परिणाम तीव्र. उत्प्रेरक हा घाट चढायला लावत नाही, बाजूची ठेंगणी खिंड दाखवतो.

दर दहा अंशांना वेग दुप्पट, हा ठोकताळा आपण शाळेत शिकलो. सेल्युलोजच्या बाबतीत घाट बराच उंच आहे, त्यामुळे सुमारे पाच अंशांनाच वेग दुप्पट होतो. कौलाखालचा माळा उन्हाळ्याच्या दुपारी माजघरापेक्षा पंधरा अंशांनी जास्त तापला असे धरा. दोनदा दोनदा दोन, म्हणजे आठपट. ती प्रत तिथे असलेला प्रत्येक उन्हाळी तास कपाटातल्या आठ तासांएवढा होता.

दुसरा घटक पाण्याचा. सांधा उकलायला पाणी लागते, म्हणजे पाणी इथे अभिक्रियेतला भागीदार आहे, आणि त्याची संहती वाढली की वेग वाढतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता निम्मी झाली तर कागदाचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा जतन करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. आपल्यापैकी कोणी मडगावला राहतात, कोणी ग्वाल्हेरला. पावसाळ्यात गोव्यात आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. ग्वाल्हेरचा मे कडक तापतो, पण हवा अगदी कोरडी असते. उष्णतेने जे गमावले त्यातले पुष्कळ कोरडेपणाने परत मिळते, शिवाय थंडीचे दोन महिने निव्वळ नफ्याचे. गोव्यात बुरशी आणि वाळवी यांचा हिशेब वेगळाच. माझ्या मते पुस्तके सांभाळणे गोव्यातल्या घरांना अधिक अवघड आहे, आणि त्यांनी जेवढी सांभाळली तेवढ्याबद्दल कौतुकच करायला हवे.

पृष्ठफळाचा मुद्दा पाठ्यपुस्तकात सोपा दिसतो: खडूचा तुकडा आम्लात सावकाश विरघळतो, पूड चटकन. मिटलेले पुस्तक म्हणजे तुकडा. हवा, धूळ आणि उजेड कडांवरून आत येतात, म्हणून समास आधी तपकिरी होतो. मात्र कागद मोडताना स्वतःच थोडे फॉर्मिक व ॲसिटिक आम्ल तयार करतो. ते घट्ट मिटलेल्या गठ्ठ्यात अडकून राहते आणि पुढची मोडतोड वाढवते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेली पुस्तके सुरक्षित आहेत असे आपल्याला वाटते, पण आतली वाफ आतच राहते. कापडी बासन कितीतरी बरे. डांबराच्या गोळ्या किड्यांना दूर ठेवतात, आम्लावर त्यांचा काही उपाय नाही.

आम्लावर उपाय अल्कलीचा. अमेरिकेत विल्यम बॅरो याने गेल्या शतकाच्या मध्यास जुने कागद कॅल्शियमच्या क्षारांनी धुऊन आम्ल मारण्याची पद्धत रूढ केली. दीर्घायू कागदाचे आजचे आंतरराष्ट्रीय मानक कागदात कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडूचाच, साठा मागते. जुने पुस्तक असे धुणे जाणकाराचेच काम आहे, घरी करून पाहू नये. चिकटपट्टीही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होतो आणि पानाला सोडत नाही. नवीन पुस्तक छापून घेणाऱ्या मंडळींनी मात्र छापखान्यात एक प्रश्न जरूर विचारावा: कागद आम्लमुक्त आहे का?

कोणती पुस्तके आधी वाचवायची हे ठरवताना एक जुनी परीक्षा आहे. शेवटच्या कोऱ्या पानाचा कोपरा हलकेच पुढे-मागे दुमडून पाहायचा. दोन-तीनदा दुमडल्यावर तो तुटला, तर ते पुस्तक आता हाताळण्यापेक्षा त्याची छायाप्रत काढण्याची वेळ आली आहे. दुर्मीळ प्रतीवर ही परीक्षाही नको.

आजीची प्रत आम्ही पानापानाने छायाचित्रे घेऊन ठेवली. चौतीस पाने अपुरी निघाली. ती आजोबांच्या प्रतीतून भरून काढली.