दिंडीच्या ट्रकला लाईट घेताय? आधी वायर बघा

कळमनुरी : आषाढी जवळ आली की आपल्या भागातून दिंड्या निघतात. नर्सी नामदेवची पालखी जाते, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी औंढा नागनाथ, जवळा बाजार करत परभणीकडे जाते. त्यांच्याशिवाय गावोगावच्या लहान दिंड्या आहेतच. प्रत्येक दिंडीमागं एक ट्रक असतो. त्यात सामान, ताडपत्री, भजनाचा माइक, आचाऱ्याची भांडी. मुक्कामाला ट्रक थांबला की पहिलं काम एकच, जवळच्या घरातून नाही तर मंदिरातून लाईट घ्यायची.

ती लाईट कशानं घेतो? घरात पडलेली जुनी वायर, दोन ठिकाणी टेप मारलेली, टोकाला पिन नाही, दोन तारा भोकात खुपसून काडीनं दाबलेल्या. मीही हेच करत होतो. दोन वर्षांपूर्वी मुक्कामाला पाऊस झाला. ट्रकच्या फाळक्याखाली वायर दाबून तिची साल निघाली होती, ते कुणाला दिसलं नाही. चिखलात उभ्या एका वारकऱ्यानं फाळक्याला हात लावला आणि फेकला गेला. तो वाचला. पण त्या दिवसापासून मी वायरमनला विचारून विचारून हा विषय समजून घेतला. तोच इथं सांगतो.

ट्रकचा धोका घरापेक्षा वेगळा का?

ट्रक रबरी टायरवर उभा असतो. वायरची साल निघून तार पत्र्याला लागली तरी करंट जमिनीत उतरत नाही. फ्यूज जात नाही, एमसीबी पडत नाही, बल्ब मस्त चालू राहतात. करंट पत्र्यात बसून राहतो. आत बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही. जो ओल्या जमिनीवर उभा राहून ट्रकला हात लावतो, त्याच्या अंगातून तो जमिनीत जातो.

परदेशात लोक गाडीतच घर करून फिरतात, त्याला कॅम्परव्हॅन म्हणतात. आपल्या सरकारनंही २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्या गाड्यांनाही मुक्कामाला बाहेरून लाईट घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये त्यासाठी वायर ठरलेली आहे. तीन तारांची, अडीच एमएमची, साधारण २५ मीटर लांब, १६ अँपिअरच्या निळ्या प्लगची. दिंडीच्या ट्रकलाही तोच हिशोब चालतो.

आधी लोड मोजा

वॅटला २३० नं भागा, अँपिअर निघतात. ९ वॅटचे दहा बल्ब, माइक, दोन पंखे आणि मोबाईलचे चार्जर मिळून ७०० वॅट धरा. म्हणजे ३ अँपिअर. एवढ्याला फार काही लागत नाही. पण पहाटे पाणी तापवायला १५०० वॅटचा रॉड टाकला की साडेसहा अँपिअर वाढतात. दोन रॉड टाकले तर एकूण १६ अँपिअर होतात, म्हणजे मोठ्या थ्री-पिनची शेवटची हद्द. म्हणून एका वेळी एकच रॉड. शक्यतो पाणी गॅसवर किंवा चुलीवरच तापवा.

किती एमएमची वायर?

दुकानात ज्याला एमएम म्हणतात ते तारेच्या जाडीचं माप आहे. तांब्याची गोल तीन कोअर केबल साधारण एवढा लोड घेते :

१ एमएम : ११ अँपिअर
दीड एमएम : १४ अँपिअर
अडीच एमएम : १९ अँपिअर
४ एमएम : २६ अँपिअर

पण लांबीही बघावी लागते. ५० मीटर लांब १ एमएम वायरवर १० अँपिअर ओढले तर वाटेतच जवळपास २० व्होल्ट पडतात. गावात आधीच २०० व्होल्ट असले तर ट्रकपर्यंत १८० च पोचतात. पंखा रेंगाळतो, माइक घरघरतो. वाटेत पडलेल्या व्होल्टेजची उष्णता होते आणि वायर तापते. तीच वायर अडीच एमएमची असली तर ८ व्होल्टच पडतात. म्हणून २५ ते ५० मीटरला अडीच एमएमच घ्या. पन्नासच्या पुढं जाऊ नका, ट्रक जवळ लावा.

घेताना काय बघायचं?

वायर तांब्याचीच पाहिजे. टोकाची एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते वर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, ठेवून द्या. वायरवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा आकडा छापलेला असतो, तो वाचा. रबरी केबल मिळाली तर अजून चांगलं, ओढाताण आणि ऊन जास्त सोसते.

तीन कोअरच घ्या. दोन तारांच्या वायरीत अर्थिंगच नसतं. अर्थिंगची तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. तिचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरं ट्रकच्या चेसीला, रंग खरवडून, नट-बोल्टनं घट्ट. पत्र्यात करंट आलाच तर त्याला जायला वाट मिळते.

बरेच जण बोअरच्या मोटारीची चपटी केबल वापरतात. तिला तीन कोअर असतात खरे, पण रंग लाल, पिवळा, निळा. हिरवी तार नाही. अंधारात एकानं पिवळी अर्थिंगला लावली आणि दुसऱ्यानं फेजला, तर अख्खा ट्रक जिवंत होतो. ती केबल मोटारीलाच राहू द्या.

माणूस वाचवतो तो आरसीसीबी

१६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा छोटासा भागही पुरतो. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला, म्हणजे एका अँपिअरच्या शंभरात तीन भागांना, डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईट तोडतो. एका प्लास्टिकच्या डब्यात एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वायरमनकडून बसवून घ्या. डबा घराकडच्या टोकाला ठेवा, म्हणजे मधली सगळी वायरही त्याच्या राखणीत येते. रोज लाईट घेतली की त्यावरचं टेस्टचं बटण दाबा. पडला तर ठीक. नाही पडला तर त्या रात्री बॅटरीवर भागवा.

मुक्कामाला पोचल्यावर

घराच्या बोर्डात अर्थिंगच्या मोठ्या भोकात टेस्टर लावून बघा. पेटला तर त्या घरातून लाईट घेऊच नका. न्यूट्रलऐवजी जमिनीत सळई ठोकून लाईट चालवणारी घरंही असतात, तिथूनही नको.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कधीच करू नका. एक टोक बोर्डात गेलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट असतो. ट्रककडच्या टोकाला सॉकेटच पाहिजे.

आधी ट्रककडचं जोडा, मग घरातला खटका चालू करा. काढताना आधी खटका बंद. गुंडाळी पूर्ण सोडा, कारण गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. वायर रस्त्यातून, पाण्यातून, फाळक्याखालून नेऊ नका. जोड नकोच. लागलाच तर झाकण असलेला निळा औद्योगिक प्लग-सॉकेट वापरा आणि तो जमिनीपासून वर टांगा.

तारेवर आकडा तर मुळीच नको. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती वीजचोरी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आकड्याला ना फ्यूज असतो ना आरसीसीबी.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी खटका बंद करा. खटका लांब असेल तर कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

दिंडीचा खर्च काढताना किराणा, डिझेल, मंडप सगळं लिहिलं जातं. त्या यादीत यंदा एक ओळ वाढवा : अडीच एमएमची तीन कोअर केबल आणि आरसीसीबीचा डबा. एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं. वारी संपली की हीच वायर कडबा कुट्टीला आणि लग्नाच्या मांडवालाही कामी येते.