शेतमजुरांचे समान हक्क आणि अमेरिकेंतील धर्ममंडळें : एका ‘खेरीज’ कलमाची हकीकत

जुन्या इनामी सनदा ज्यांच्या नजरेखालून गेल्या आहेत त्यांस ‘खेरीज’ या शब्दाचें वजन सांगावयास नको. गांव कुलबाब कुलकानू देऊन झाल्यावर ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ एवढे शब्द पडले, म्हणजे दानाची खरी व्याप्ति त्या शब्दांवरून ठरते. अर्वाचीन कायद्यांचेंही असेंच आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ५ जुलै १९३५ रोजीं राष्ट्रीय मजूर संबंध कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. सेनेटर रॉबर्ट वॅग्नर यांच्या नांवानें तो ओळखला जातो. मजुरांनीं आपला संघ करावा, संघामार्फत धन्याशीं मजुरीचीं बोलणीं करावीं, आणि तसें केल्याबद्दल धन्यानें त्यांस कामावरून काढूं नये, हे हक्क त्या कायद्यानें दिले. परंतु कामगार कोणास म्हणावें याची व्याख्या करतांना शेतावर राबणारे व परक्याच्या घरीं घरकाम करणारे असे दोन वर्ग त्यांत खेरीज केले. पुढें १९३८ सालीं किमान मजुरीचा व जादा कामाच्या मजुरीचा कायदा झाला, त्यांतही शेतमजूर बाहेरच राहिले. यांपैकीं किमान मजुरी १९६६ च्या दुरुस्तीनें मोठ्या शेतांवरील मजुरांस मिळाली. जादा कामाची दीडपट मजुरी मध्यवर्ती कायद्यानें अद्यापि मिळालेली नाहीं.

हें वगळणें कां घडलें याविषयीं तिकडील इतिहासकारांत वाद आहे. दक्षिणेकडील संस्थानांत शेतमजूर बहुतांशीं कृष्णवर्णीय होते, आणि तेथील जमीनदारवर्गाच्या प्रतिनिधींचीं मतें हातचीं गेलीं असतीं तर कोणताही मजूर कायदा तडीस नेणें कठीण होतें, हें कारण बहुतेक सर्व जण देतात. त्याचें वजन किती धरावें, एवढ्यापुरताच मतभेद आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यापुढला आहे. हें ‘खेरीज’ खोडून काढण्याच्या कामीं ख्रिस्ती धर्ममंडळें पुढें आलीं हें सर्वश्रुत आहे. पण तीं कोणत्या क्रमानें आलीं व त्यांस तें कां साधलें, हें तितकेंसें सांगितलें जात नाहीं.

आरंभ दानधर्मापासून झाला. १९२० सालीं प्रॉटेस्टंट पंथांच्या स्त्रियांच्या एका संयुक्त मंडळानें पूर्व किनाऱ्यावर फिरत्या मजुरांसाठीं काम सुरू केलें. भाजीपाल्याच्या हंगामांत कुटुंबेंच्या कुटुंबें शेतांवर व डबाबंद मालाच्या कारखान्यांत जात. त्यांच्या लहान मुलांस दिवसभर सांभाळावें, शिकवावें, औषधपाणी करावें, असें या कामाचें स्वरूप. त्याचें नांव ‘मायग्रंट मिनिस्ट्री’, म्हणजे फिरत्या मजुरांची धर्मसेवा, असें पडलें व तें पुढें अनेक संस्थानांत पसरलें. या सेवेला बागाईतदारांची हरकत नव्हती. कित्येक ठिकाणीं त्यांचें साहाय्यच होतें. मजुराचें पोर सांभाळलें म्हणजे मजूर निर्धास्तपणें काम करतो, हें त्यांस कळत होतें. या दयेला मी कमी लेखीत नाहीं. मात्र चाळीस वर्षांच्या सेवेनंतरही मजुरी, घर व आयुर्मान या तिहींत फारसा फरक पडला नाहीं, हेंही खरें. खुद्द सेवेकऱ्यांसच तें जाणवूं लागलें होतें.

कॅलिफोर्नियांतील मंडळाचें पाऊल येथून निराळ्या दिशेस पडलें. १९६१ मध्यें प्रेस्बिटेरियन पाळक ख्रिस हार्टमायर तेथील संचालक झाले. त्यांनीं आपल्या माणसांस वस्तीवस्तींतून मेक्सिकन लोकांची संघटना करणाऱ्यांच्या हाताखालीं शिकावयास धाडलें. त्या संघटकांत सेसर चावेझ हे एक होते. चावेझ यांच्या घडणींत कॅथलिक बाजूचा धागाही आहे. सॅन होजे शहराच्या एका गरीब वस्तींत फादर डोनल्ड मॅक्‌डॉनेल यांची त्यांची गांठ पडली. मजुरांस संघ करण्याचा निसर्गदत्त अधिकार आहे व मजुरी कुटुंबाच्या पोटापुरती असली पाहिजे, असें प्रतिपादणारें पोप तेरावे लिओ यांचें १८९१ चें परिपत्रक या फादरांनीं त्यांस समजावून दिलें. लुई फिशरकृत महात्मा गांधींचें चरित्रही चावेझ यांनीं याच सुमारास वाचलें. त्या वाचनाचा उपयोग पुढें कसा झाला तें ओघानें येईल. १९६२ च्या सप्टेंबरांत फ्रेझ्नो येथें चावेझ, डोलोरेस हुएर्टा व त्यांचे सोबती यांनीं राष्ट्रीय शेतमजूर संघ स्थापिला.

१९४२ पासून चालत आलेला, मेक्सिकोंतून करारानें मजूर आणण्याचा सरकारी उपक्रम १९६४ अखेर बंद झाला. त्यामुळें संपकऱ्यांच्या जागीं परदेशी मजूर उभे करण्याची सोय आटली. ८ सप्टेंबर १९६५ रोजीं डेलानो गांवच्या द्राक्षबागांत फिलिपिनी मजुरांनीं लॅरी इट्लियाँग यांच्या पुढारीपणाखालीं संप पुकारला. मागणी तासास १ डॉलर ४० सेंट व पेटीमागें २५ सेंट एवढीच होती. आठ दिवसांनीं, १६ सप्टेंबरास, चावेझ यांच्या संघानें संपांत सामील होण्याचा ठराव केला. ही सभा ग्वादालूपे मातेच्या चर्चच्या सभागृहांत भरली होती. त्या दिवशीं मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन होता, हाही योग जुळवून आणलेला.

मात्र सारीं ख्रिस्ती मंडळें एकमुखानें मजुरांच्या पाठीशीं उभीं राहिलीं असें मानूं नये. डेलानोचे द्राक्षबागाईतदार पुष्कळसे इटालियन व क्रोएशियन वंशाचे, म्हणजे कॅथलिकच होते. धनी व मजूर एकाच वेदीपुढें गुडघे टेकीत. चर्चच्या दानपेटींतील मोठा वांटा अर्थात् धन्यांचा. स्थानिक पाळकांपैकीं बहुतेक गप्प राहिले व कांहीं उघड विरुद्ध गेले. मायग्रंट मिनिस्ट्रीनें संपाचा पक्ष घेतांच खोऱ्यांतील अनेक मंडळ्यांनीं आपली वर्गणी रोखून धरली. धर्मसंस्थेनें दोघांत समेट घडवावा, एकाची बाजू घेऊं नये, असा आक्षेप सर्वत्र निघाला. हार्टमायर व त्यांचे सहकारी यांचें उत्तर असें कीं, एकास कायद्याचें व पैशाचें पाठबळ आहे व दुसऱ्यास दोन्ही नाहींत, अशा ठिकाणीं तटस्थ राहणें हाच बलवानाचा पक्ष होय.

हें उत्तर देण्याचें धैर्य त्यांस कोठून आलें? श्रद्धेचा भाग कबूल करूनही माझ्या मतें निम्मी उकल जमाखर्चांत आहे. मिनिस्ट्रीचा पैसा डेलानोंतून येत नव्हता. तो दूरच्या शहरांतील मंडळ्यांकडून व पंथांच्या मध्यवर्ती कचेऱ्यांकडून येत होता. गांवच्या पाळकाचा पगार गांवच्या बागाईतदाराच्या हातीं होता. एकाच धर्माचे, पुष्कळदां एकाच पंथाचे, दोन पाळक अशा वेळीं दोन बाजूंस दिसतात, त्याचें कारण केवळ धर्मग्रंथांत शोधून भागणार नाहीं. मजुराचें वेतन अडवूं नये ही आज्ञा तर दोघांच्याही बायबलांत होतीच.

पुढील घटना त्वरेनें सांगतों. १९६५ च्या ऑक्टोबरांत संपासाठीं असलेला ‘उएल्गा’ हा स्पॅनिश शब्द बागांपुढें ओरडून उच्चारण्याची शेरीफच्या माणसांनीं मनाई केली. १९ तारखेस तो शब्द मुद्दाम उच्चारून ४४ जणांनीं अटक करून घेतली. त्यांत कांहीं धर्मोपदेशक होते. १७ मार्च १९६६ रोजीं डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोकडे पदयात्रा निघाली. सुमारें ३०० मैलांचें अंतर, पंचवीस दिवस, आणि शेवट १० एप्रिलास, ईस्टरच्या रविवारीं. अग्रभागीं ग्वादालूपे मातेचें निशाण. उपवासकाळांतील ही प्रायश्चित्ताची यात्रा होती, परंतु तिच्या घोषवाक्यांत यात्रा व प्रायश्चित्त यांच्या जोडीस क्रांति हा तिसरा शब्द होता. आमच्या वाचकांस वारीची आठवण होईल. भेद इतकाच कीं हे वारकरी गव्हर्नराच्या दारीं चालले होते, व गव्हर्नर त्या दिवशीं राजधानींत नव्हते. वाटेंतील मुक्कामांवर ‘डेलानोचा जाहीरनामा’ वाचला जाई. लुइस वाल्डेझ यांनीं लिहिलेल्या या लेखांत पोप लिओ यांच्या शिकवणीचा आधार घेतलेला आहे, आणि त्याचें नांव व धाटणी १९११ च्या मेक्सिकोंतील झापाटाच्या जाहीरनाम्याची आहे. धर्मपत्र व बंडाचा जाहीरनामा यांचा एकाच कागदावर असा मेळ विरळाच आढळेल. यात्रा चालू असतांनाच शेन्ली या मद्यकंपनीनें संघास मान्यता दिली.

१९६८ च्या आरंभीं संपकऱ्यांत हाणामारीची भाषा वाढली, तेव्हां चावेझ यांनीं अन्नत्याग केला. तो पंचवीस दिवस चालून १० मार्चास सुटला. उपवासाचा रोंख धन्यांकडे नसून आपल्याच माणसांकडे होता, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गांधीजींच्या चरित्राच्या वाचनाचें फळ येथें स्पष्ट दिसतें. उपवास सोडतेवेळीं सेनेटर रॉबर्ट केनेडी जवळ होते. चावेझ यांस बोलण्याचें त्राण नव्हतें, म्हणून त्यांचें भाषण मिनिस्ट्रीचे पाळक जिम ड्रेक यांनीं वाचून दाखविलें.

आतां त्या ‘खेरीज’ शब्दाचा दुसरा गुण पाहावा. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली दुरुस्तीनें कामगारसंघांस एक बंधन घातलें होतें : ज्या दुकानदाराशीं आपलें भांडण नाहीं त्याच्याविरुद्ध बहिष्काराची मोहीम चालवूं नये. पण शेतमजूर मूळ कायद्यांतूनच वगळलेले, तेव्हां हें बंधनही त्यांस लागू पडेना! ज्या कलमानें त्यांस हक्कांबाहेर ठेवलें त्यानेंच त्यांच्या हातीं द्राक्षबहिष्काराचें शस्त्र दिलें. हें शस्त्र शेतावर चालवावयाचें नव्हतें. तें शहरांतील दुकानांपुढें चालवावयाचें होतें, आणि तेथें मजुरांस ओळखणारें कोणी नव्हतें. ती उणीव धर्ममंडळांनीं भरून काढली. संघाकडून परगांवीं पाठविलेल्या मजूर कुटुंबास राहावयास मठ किंवा चर्चचें घर, बसावयास कचेरी, आणि दुकानापुढें उभें राहण्यास पाळक, जोगिणी व मंडळीचे सभासद मिळाले. माझ्या समजुतीनें धर्मसंस्थांची सर्वांत मोठी कामगिरी ती हीच. तिच्यापुढें ठराव व प्रवचनें गौण होत.

कॅथलिक बिशपांनीं १९६९ च्या नोव्हेंबरांत बिशप जोसेफ डॉनेली यांच्या अध्यक्षतेखालीं पांच जणांची समिति नेमली. मॉन्सिन्योर जॉर्ज हिगिन्स व रॉजर माहोनी हे तिचे साहाय्यक. समितीची भूमिका मध्यस्थाची होती, आणि धनीही कॅथलिक असल्यानें त्या मध्यस्थीस त्यांचा नकार आला नाहीं. २९ जुलै १९७० रोजीं डेलानोच्या बागाईतदारांनीं संघाशीं करार केले. पुढील वर्षीं मायग्रंट मिनिस्ट्रीचें रूपांतर राष्ट्रीय शेतमजूर मिनिस्ट्रींत झालें व सेवा हा तिचा गौण उद्देश ठरला.

करारांची मुदत १९७३ मध्यें सरली, तेव्हां बहुतेक धन्यांनीं टीमस्टर्स नांवाच्या प्रतिस्पर्धी संघाशीं संधान बांधलें. पुन्हां संप, पुन्हां अटका. त्या वर्षीं ऑगस्टमध्यें फ्रेझ्नो परगण्यांत तुरुंगांत गेलेल्यांत अनेक धर्मगुरु व जोगिणी होत्या, तशाच ७५ वर्षांच्या डोरोथी डे याही होत्या. अखेर १९७५ मध्यें कॅलिफोर्नियानें शेतमजुरांसाठीं स्वतंत्र कायदा केला. गुप्त मतदानानें संघ निवडण्याचा हक्क त्यानें दिला. त्याच्या अंमलबजावणीच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष माहोनी हेच. तोंवर ते बिशप झाले होते. धर्मसंस्थेचा मनुष्य सरकारी मंडळाच्या अध्यक्षपदीं बसावा व तें दोन्ही पक्षांनीं चालवून घ्यावें, यावरून मध्यस्थीचें वजन कळतें.

मात्र ही मैत्री निर्वेध टिकली नाहीं. १९७७ मध्यें चावेझ मार्कोस सरकारचे पाहुणे म्हणून फिलिपाइन्सला गेले. तेथील दडपशाहीविरुद्ध झगडणाऱ्या धर्ममंडळांशीं नातें असलेल्या अनेक अमेरिकन पाळकांस हें सहन झालें नाहीं. त्यांनीं उघड निषेध केला. संघाच्या अनेक फिलिपिनी सभासदांचाही रोष झाला. मजुरांच्या हक्कांचा पुरस्कार व एका पुढाऱ्याची भक्ति या दोन गोष्टी भिन्न आहेत, याची जाण त्या वेळीं कांहींजणांनीं राखली, हें नमूद केलेलें बरें.

कॅलिफोर्नियाबाहेर काम सावकाश चाललें. न्यूयॉर्कच्या १९३८ च्या राज्यघटनेंत कामगारांस संघाचा हक्क होता, पण तेथील कायद्यानेंही शेतमजूर वगळलेले होते. ग्रामीण व फिरत्या मजुरांची सेवा करणारी तेथील मिनिस्ट्री व तिच्या बरोबरच्या ख्रिस्ती व यहुदी मंडळ्या यांनीं अनेक वर्षें राजधानी आल्बनी येथें तगादा लावला. मे १९१९ नव्हे, मे २०१९ मध्यें, म्हणजे घटनेनंतर ८१ वर्षांनीं, अपील न्यायालयानें हें वगळणें घटनाविरुद्ध ठरविलें. दोनच महिन्यांनीं, १७ जुलैस, नव्या कायद्यावर गव्हर्नराची सही झाली. संघाचा हक्क व आठवड्यास एक दिवस विश्रांति त्यानें दिली. जादा मजुरी मात्र साठ तासांनंतर! इतर मजुरांस ती चाळीस तासांनंतर मिळते. पुढें २०२४ पासून ही मर्यादा दर दोन वर्षांनीं चार तासांनीं उतरत जाऊन २०३२ मध्यें चाळीसावर येईल असें ठरलें.

या साऱ्या चळवळीचे कागद बऱ्याच अंशीं सुरक्षित आहेत. डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाच्या वॉल्टर रॉयथर ग्रंथालयांत संघाचें व राष्ट्रीय मिनिस्ट्रीचेंही दफ्तर आहे; पूर्वीं धर्मबंधु असलेले लेरॉय चॅटफील्ड यांनीं जमविलेल्या आठवणी व छायाचित्रें सॅन डिएगो येथील विद्यापीठानें ठेविलीं आहेत. अभ्यासकानें जाहीर पत्रकांवर विसंबूं नये. पत्रकांत धर्म व मजूर यांची एकी दिसते; खाजगी पत्रव्यवहारांत आणि वर्गणीच्या हिशेबांत कोण आला, कोण फिरला, व कोणी पैसे परत मागितले, तें दिसतें. आणि ज्या कलमावरून एवढें रामायण झालें तें मध्यवर्ती कायद्यांतील व्याख्येचें वाक्य १९३५ साली जसें लिहिलें गेलें, तसेंच शेतमजुरांपुरतें आजही कायम आहे.