यान उतरले, पूल चुकला

२०१४ साली साडेतीन महिन्यांच्या अंतराने दोन कामे फत्ते झाली. ८ जूनला मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि २४ सप्टेंबरला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. यानाने ६५ कोटी किलोमीटर कापले ते ४५० कोटी रुपयांत. मेट्रोचा मार्ग ११.४ किलोमीटरचा, खर्च करारात २,३५६ कोटी, कंपनीच्या हिशेबाने ४,३२१ कोटी. मग काय, लोकलच्या डब्याडब्यात भागाकार सुरू झाले. मंगळाचा प्रवास किलोमीटरला सात रुपये पडला, अहमदाबादची रिक्षा दहा घेते, असे पंतप्रधानांनी न्यूयॉर्कच्या भाषणात सांगितले. अंधेरीकरांनी त्यात आपली भर घातली: यान निदान सांगितल्या ठिकाणी गेले तरी, इथला रिक्षावाला जवळचे भाडे म्हटले की नुसती मान हलवतो.

तेव्हापासून उपनगरांत वादांना खंड नाही. गाडीत, नाक्यावर, सोसायटीच्या सभेत आणि सभा संपल्यावर मोबाइलवर काथ्याकूट चालूच. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्या ज्या विषयावरून हमरीतुमरी झाली, त्या प्रत्येकात दोन्ही बाजूंनी छातीठोक भाकिते केली. मग गाडी सुरू झाली, पूल उघडला, निकाल लागला, आणि ती भाकिते तपासायला कुणी मागे वळले नाही. नवा विषय आला की जुना रद्दीत. अकरा वर्षांची ती रद्दी एकदा उपसून पाहायला हवी.

त्या पहिल्या मेट्रोच्या, म्हणजे मेट्रो-१च्या वेळी भांडण भाड्याचे होते. करारात ९, ११ आणि १३ रुपये ठरले होते. कंपनीने १० ते ४० लावले. सरकारची एमएमआरडीए कोर्टात गेली. २०१५ मध्ये भाडेनिश्चिती समितीने थेट १० ते ११० रुपयांची शिफारस केली, तेव्हा ‘श्रीमंतांची गाडी’ म्हणणाऱ्यांना चांगलाच जोर चढला. उच्च न्यायालयाने ती वाढ रोखली. पुढेही भाडे १० ते ४० रुपयेच राहिले आणि गाडी श्रीमंतांची झाली नाही. बसमध्ये साकीनाक्याला तासन्तास ताटकळणाऱ्यांनीच ती भरून टाकली. वर्सोव्याहून घाटकोपर २१ मिनिटांत, हा दावा खरा ठरला. करार कागदावर स्वस्त ठरवला की सरकारचे पैसे वाचतात, ही समजूत मात्र खोटी निघाली. खर्चाचा तंटा लवादापुढे गेला आणि २०२३ साली लवादाने एमएमआरडीएच्या विरोधात ९९२ कोटींचा निवाडा दिला.

एक गोष्ट त्या वादात कुणी काढलीच नव्हती. संध्याकाळी साडेसहाला घाटकोपरला मेट्रोतून उतरून पाहा. गाडी थंडगार, वेळेवर, दारे बिनबोभाट उघडतात. उतरलेला लोंढा सरकत्या जिन्याने खाली येतो आणि रेल्वेच्या पुलावर थबकतो. समोरून कल्याणच्या गाडीतून उतरलेले वर चढत असतात. बॅग पुढे धरायची, कोपर आत घ्यायचे, पुढच्याच्या चपलेवर पाय पडू द्यायचा नाही. मेट्रोने वाचवलेल्या मिनिटांतली बरीचशी त्या पायऱ्यांवर खर्ची पडतात. मेट्रो एकाची, पूल दुसऱ्याचा, बाहेरचा रस्ता तिसऱ्याचा. पुढची सगळी वर्षे या त्रांगड्याचीच आहेत.

१४ सप्टेंबर २०१७ ला अहमदाबादेत बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. पंधरवडाच उलटला आणि २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतरचा वाद आठवतो? बुलेट ट्रेन हवी की पादचारी पूल, एवढाच. एकाला हो म्हटले की दुसऱ्याला आपोआप नाही. लष्कराने काही महिन्यांत एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवलीला पूल उभारून दिले. म्हणजे पूल बांधणे अवघड नव्हतेच. बुलेट ट्रेनसाठी सांगितलेली १५ ऑगस्ट २०२२ ही तारीख आली आणि गेली. तिची आठवण समर्थकांनी काढली नाही हे समजू शकते, पण विरोधकही तोवर दुसऱ्या भांडणात रमले होते.

२०१७ च्याच नाताळच्या दिवशी बोरिवलीहून पहिली एसी लोकल सुटली. ‘रिकामी धावेल’ हे भाकीत चारेक वर्षे खरे वाटत राहिले. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्म्यावर आले, किमान भाडे ६५ वरून ३० रुपये झाले, आणि डबे भरले. मग तक्रार उलटली. साध्या लोकलच्या वेळेवर एसी गाडी सोडली, की त्या गाडीचे पासवाले फलाटावर राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा-बदलापूरला प्रवाशांनी निदर्शने केली ती याच कारणाने. ‘एसी हवी की नको’ हा वाद घालणाऱ्यांना गाडी कळली होती, वेळापत्रक कळले नव्हते. बंद दारांमुळे माणसे पडणार नाहीत हा समर्थकांचा मुद्दा मात्र कधीच खोडता आला नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मेले, तेव्हा साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे लावण्याची घोषणा झाली.

या सगळ्यात उपनगरांच्या आठवणीत पक्के बसलेले साल २०१९. ७ सप्टेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास चांद्रयान-२चा विक्रम लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना त्याचा संपर्क तुटला. इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांना धीर देऊन पंतप्रधान बंगळुरूहून निघाले आणि त्याच दिवशी मुंबईत आले. विलेपार्ल्याला लोकमान्य सेवा संघात त्यांनी गणपतीचे दर्शन घेतले, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात तीन नव्या मेट्रो मार्गांची आणि आरेतल्या मेट्रो भवनाची पायाभरणी केली. सकाळी चंद्र, दुपारी मेट्रो. मेट्रो-३च्या कारशेडसाठी आरेत झाडे तोडायला विरोध करणारा त्या दिवसापासून एकदम विज्ञानविरोधी ठरू लागला आणि विक्रमसाठी हळहळणारा सरकारचा भाट. इस्रोने मोहिमेची ९० ते ९५ टक्के उद्दिष्टे साधल्याचे सांगितले, त्यावरही पंच्याण्णव टक्के गुण मिळवून नापास कसा, असे विनोद झाले.

४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने आरेच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडे आडवी झाली होती. पुढची कथा खो-खोची आहे. राज्यातल्या नव्या सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये काम थांबवले, ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेली. केंद्र म्हणाले, ती मिठागराची जमीन आमची. डिसेंबरात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि कारशेड पुन्हा आरेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडे तोडायला मुभा दिली, पण ८४ झाडांची परवानगी असताना परस्पर जास्त मागितली म्हणून मेट्रो महामंडळाला १० लाखांचा दंडही केला.

आता भाकिते ताडून पाहू. ‘कांजूरला कारशेड शक्यच नाही’ असे एक बाजू सांगत होती. त्याच कांजूरमार्गची १५ हेक्टर जमीन २०२३ मध्ये मेट्रो-६च्या कारशेडला मिळाली. शक्य होते, तर अडले कशाने? केंद्र आणि राज्य यांच्यात सातबारा कुणाचा, एवढ्यावरून. ‘मेट्रो होणारच नाही, नुसती झाडे जातील’ असे दुसऱ्या बाजूचे काहीजण सांगत होते, मेट्रो झाली. २३,१३६ कोटींचा प्रकल्प ३७,२७६ कोटींवर गेला, त्याला केवळ आंदोलन कारणीभूत नाही आणि केवळ सरकारही नाही. तरी प्रत्येकाने आपल्याला सोयीचे तेवढेच उचलले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये आरेतली आधी ६०० आणि नंतर वाढवून ८१२ एकर जागा राखीव वन ठरवली गेली, ही त्या आंदोलनाची ठोस कमाई. तिचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, कारण तिच्यात कुणाचा पराभव दिसत नाही.

इस्रोने मधल्या काळात काय केले? विक्रम का आपटला हे त्यांनी लिहून काढले. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या, सॉफ्टवेअरला त्या सावरता आल्या नाहीत. सिवन यांच्यानंतरचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी चांद्रयान-३चे सूत्र सांगितले ते असे, की काय काय बिघडू शकते हे आधी धरून चालायचे. पाय मजबूत केले, इंधन वाढवले, उतरायची जागा ५०० मीटर चौरसावरून साधारण चार बाय अडीच किलोमीटरची केली. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरले. ते नेणाऱ्या रॉकेटच्या विकास इंजिनांचे भाग विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनले होते, याचा घाटकोपर-मुलुंडकरांना सार्थ अभिमान वाटला. गंमत अशी की त्याच विक्रोळीच्या जागेवरून बुलेट ट्रेनचे भूसंपादन चार वर्षे कोर्टात रखडले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीची याचिका फेटाळली गेली.

आणि त्याच वेळी अंधेरीत गोखले पूल पाडून नवा बांधणे चालले होते. जुलै २०१८ मध्ये या पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, दोघे दगावले. नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीला बंद. २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा जे दिसले त्यावर विश्वास बसेना. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे पूल उंच बांधला होता आणि त्याला मिळणारा जुना बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला होता. दोन्हींच्या टोकांत दीड-दोन मीटरांचे अंतर. एका पुलाचा कठडा दुसऱ्याच्या डोक्यावरून जाई. त्या दिवशी चंद्रावर उतरता येते पण अंधेरीत पूल जुळत नाही, हा विनोद ऐकला नाही असा माणूस पश्चिम उपनगरात नसेल.

विनोद ठीकच होता, पण त्यातून घेतला जाणारा निष्कर्ष चुकीचा होता. ‘इस्रोकडे हुशार माणसे, पालिकेत गाढवे’ असे त्याचे सार निघे. तसे असते तर पूल जुळलाच नसता. व्हीजेटीआय आणि आयआयटीच्या सल्ल्याने बर्फीवाला पूल जॅक लावून एका बाजूला १,३९७ आणि दुसऱ्या बाजूला ६५० मिलिमीटर उचलला आणि ४ जुलै २०२४ ला तो जोडून वाहतूक सुरूही झाली. पुढच्या मे महिन्यात गोखले पूल पूर्ण उघडला. हे साधे अभियांत्रिकीचे काम नव्हे. अक्कल इथेही होती. फरक असा की इस्रोत इंजिन, सॉफ्टवेअर आणि लँडरचे पाय यांचा मेळ घालण्याची जबाबदारी एकाच छताखाली आहे. अंधेरीत रुळांवरचा भाग रेल्वेचा, बाजूचा पालिकेचा, आणि दोहोंमधल्या दीड मीटरला मालकच नाही.

वाद चुकीच्या जागी घालायची हीच सवय मतदानातही दिसली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात, म्हणजे जोगेश्वरी-गोरेगाव-अंधेरीच्या पट्ट्यात, रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. गोरेगावच्या नेस्को मतमोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याचा गुन्हा दाखल झाला, ओटीपीने मतदानयंत्र उघडल्याची बातमी आली आणि आठवडाभर देश त्यावर बोलला. यंत्राला ओटीपी लागत नाही, ते कशाशीही जोडलेले नसते, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. ती बातमीही मागे घेतली गेली. आकडे नीट पाहिले तर वेगळेच दिसते. यंत्रांवरच्या मतांत कीर्तिकरांना ४,५१,०९५ आणि वायकरांना ४,५१,०९४, म्हणजे हरलेला उमेदवार एका मताने पुढे. निकाल फिरवला तो टपाली मतांनी, १,५५० विरुद्ध १,५०१. सगळा गदारोळ यंत्रावर झाला आणि फैसला कागदाने केला. मतमोजणीच्या दालनात फोन गेलाच कसा, हा खरा गंभीर प्रश्न यंत्राच्या भांडणात बुडाला. उच्च न्यायालयाने कीर्तिकरांची याचिका फेटाळल्यावर तर कुणी त्याकडे पाहिलेही नाही.

मेट्रो-३ टप्प्याटप्प्याने आली: आरे ते बीकेसी ऑक्टोबर २०२४ मध्ये, कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके, काम देखणे. रोज १३ लाख प्रवासी सांगितले होते. पूर्ण मार्ग सुरू झाल्याच्या पहिल्या दिवशी दीड लाखाच्या आसपास आले. त्यावरून ‘फसली’ म्हणायची घाई करू नये, कारण मेट्रो-१लाही वेळ लागला होता. मात्र भुयारात शिरले की फोनची रेंज जाई. मोबाइल कंपन्या आणि मेट्रो महामंडळ यांचे यंत्रणेच्या शुल्कावरून जमले नाही म्हणून. ज्या मेट्रोवरून उपनगराने पाच वर्षे मोबाइलवर भांडण केले, तिच्यात बसल्यावर तो मोबाइल मुका.

अकरा वर्षांच्या रद्दीतून निघते ते हे. यंत्र फारसे कुठे हरले नाही. गाडी, मतदानयंत्र, जॅक, भुयार, सगळ्यांनी आपापले काम केले. घोडे अडले ते दर वेळी दोन खात्यांच्या मध्ये, आणि वाद मात्र दर वेळी दोन पक्षांचा झाला. पक्षाच्या भांडणात टाळ्या मिळतात. जिना कुणाचा, उंची कुणी कळवायची, जमीन कुणाच्या नावावर, यात कुणाला रस नसतो. बोलणारे मूर्ख नव्हते. लोकलमधला सामान्य प्रवासी भागाकार बरोबर करतो. फक्त तो चुकीच्या आकड्यांचा करतो.

पुढचे विषय तयार आहेत. १३ जुलै २०२४ ला गोरेगावातच ठाणे-बोरिवली बोगद्याची आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांची पायाभरणी झाली. दोन्ही संजय गांधी उद्यानाच्या पोटातून जाणार. ठाणे ते बोरिवली १२ मिनिटांत, गोरेगाव ते मुलुंड ७५ ऐवजी २५ मिनिटांत, असे दावे आहेत. बिबटे, झाडे, विकास, विरोध, सगळ्यांची भाषणे पाठ आहेत आणि ती होतीलच. त्याआधी एवढे दावे तारखेसह लिहून ठेवावेत आणि जोडीला एक साधा प्रश्न विचारावा: २५ मिनिटांत मुलुंडला बाहेर पडलेल्या गाड्या तिथल्या कोणत्या रस्त्यावर येणार, आणि तो रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? प्रश्न कंटाळवाणा आहे, मान्य. बर्फीवाला पुलाची उंची किती, हा प्रश्नही २०२२ साली असाच कंटाळवाणा वाटला असता.