चिन्ह पुसले, वही नव्हे

संगणक सुरू करताच हिशेबाच्या आयकॉनच्या जागी कोरा पांढरा कागद दिसला, की घरातील ज्येष्ठांच्या काळजात धस्स होते. परंतु आयकॉन हे केवळ चिन्ह आहे. वही बहुधा आपल्या जागी सुरक्षित असते. विंडोज या चिन्हांची चित्रे ‘आयकॉन कॅश’ नामक साठ्यात जपून ठेवते. तो बिघडला, की चित्रे कोरी वा चुकीची दिसू लागतात.

प्रथम हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग टास्क मॅनेजरमधून ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करावे. दोष वारंवार उद्भवल्यास जाणकाराकडून आयकॉन कॅशच्या फायली पुसून घ्याव्यात. विंडोज त्या नव्याने तयार करते आणि हिशेब अबाधित राहतो. मात्र घाईने संगणक फॉरमॅट करू नये. त्यात चित्राबरोबर वहीही जाते.