गाय उठली, म्हणजे बरी झाली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाय सुखरूप विते, चीकही भरपूर देते आणि दुसऱ्याच दिवशी मान पोटाकडे वळवून खाली बसते. कान गार पडतात, रवंथ थांबते, उठवले तरी उठत नाही. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते गारठा बाधला. बहुधा हा असतो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. उलट अंग थंड पडते. बिघाड असतो तो रक्तात.

निरोगी गाईच्या रक्तद्रवात दर १०० मिलिलिटरला साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असते. साऱ्या शरीरातल्या रक्तद्रवाचा हिशेब केला तर ते जेमतेम तीन ग्रॅम भरते. आणि एक लिटर चिकातून जाते सुमारे दोन ग्रॅम! ही तूट हाडांतून व चाऱ्यातून भरून निघेपर्यंत पातळी साडेपाचच्या खाली घसरली, तर गाय बसते. म्हणूनच आपल्या लाल कंधारी किंवा देवणीपेक्षा जास्त दुधाच्या संकरित गाईंत, तेही तिसऱ्या वेतानंतर, हा आजार अधिक आढळतो.

मात्र व्याल्यानंतरचे प्रत्येक दुखणे दुग्धज्वर नसते. लघवी कॉफीसारखी लाल झाली, तर रक्तातले फॉस्फरस घटल्याची शंका घ्यावी. म्हशींत हे बरेच दिसते. गाय खुराक सोडून नुसता कडबा खाते, दूध घटते, श्वासाला गोडसर वास येतो, तेव्हा कितनबाधा असू शकते. त्यात रक्तातली साखर उतरते आणि कीटोन वाढतात. तिन्हींचे उपचार निराळे. म्हणून शक्य असेल तेथे सलाईन लावण्यापूर्वीच रक्ताचा नमुना घ्यायला सांगावे. औषध शिरेत गेल्यावर घेतलेला नमुना फसवा ठरतो.

पशुवैद्यकाने कॅल्शियम शिरेतून सावकाश दिले की बहुतेक गाई काही तासांत उठतात. येथेच आपण निर्धास्त होतो. दिलेले कॅल्शियम दुधावाटे पुन्हा निघून जाते, आणि साधारण चारांतली एक गाय एक-दोन दिवसांत परत बसू शकते. या काळात कास पूर्ण पिळू नये आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवावे. उपचारानंतरही गाय बसूनच राहिली, तर तिच्याच वजनाने मांडीचे स्नायू दबतात. त्यांतून रक्तात उतरणारे विकर दुसऱ्या तपासणीत कमी झालेले दिसले, तर आशा धरावी. तोवर गवताचे मऊ अंथरूण द्यावे आणि दर काही तासांनी कूस बदलावी.

आता थोडे चाऱ्याविषयी. उन्हाळ्यात व टंचाईत आपल्याकडे उसाच्या वाढ्यांवर भिस्त असते. वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून केवळ वाढ्यांवर जनावर ठेवू नये. गाभण काळाच्या अखेरीस मनानेच कॅल्शियमचा मारा करणेही घातक. बाहेरून आयते मिळत राहिले की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मोडते.

परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय बसल्यावर धावपळ करण्यापेक्षा, विण्याच्या महिनाभर आधी सल्ला घेणे स्वस्त पडते. गाय पायांवर उभी राहिली, हा बरे होण्याचा आरंभ. रक्त सावरले, की ती खरी बरी झाली.