उणे 183 अंश, व्हाया भुसावळ!

मे महिन्यात जळगावचा पारा 45 वर चढला की आपण कूलरसमोर आडवे! पण माहीत आहे का, त्या उन्हातल्या ऑक्सिजनला ‘लिक्विड’ व्हायचं असेल तर तब्बल 228 अंश खाली उतरावं लागतं? मुक्काम पोस्ट उणे 183 अंश सेल्सिअस. त्यावर जरा ऊब मिळाली की स्वारी लागली उकळायला!

रंग? फिकट निळा! वर चुंबकाचा नादही. ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला, तर खाली सांडायचं सोडून तिथंच लटकतो. आकर्षक व्यक्तिमत्त्व!

एवढं थंड करायचा खटाटोप कशाला? जागा वाचते, भो! 1 लिटर द्रवातून सुमारे 860 लिटर वायू निघतो. मिनिटाला 2 लिटर लागणाऱ्या पेशंटचे सात तास निघाले. द्रवाचं वजन सव्वा किलोसुद्धा नाही. भांड्याचं काय ते वेगळं.

हे भांडं म्हणजे थर्मासचाच भाऊबंद. जेम्स ड्यूअरनं 1892 मध्ये असल्या अतिथंड द्रवांसाठी दुहेरी भिंतीचं, मधली हवा काढून टाकलेलं भांडं बनवलं. पेटंट मात्र घेतलं नाही! गल्ला भरला जर्मनीच्या थर्मास कंपनीनं, आणि आपण त्यात चहा भरला.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. थॉमस पेटी यांनी फुप्फुसांच्या रुग्णांना खांद्यावर लिक्विड ऑक्सिजन देऊन चक्क चालायला लावलं. शहरही कसं? समुद्रसपाटीपासून 1600 मीटर उंच! एव्हरेस्टवर मात्र गिर्यारोहक वायूचेच सिलिंडर नेतात. द्रव वापरा न वापरा, आपला उडत राहतो. महिनाभराच्या मोहिमेत असला उडाणटप्पू कोण सांभाळणार?

वॉर्निंग! शेवभाजीची तर्री बोटांना असेल तर ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला हात लावू नका. तेल आणि शुद्ध ऑक्सिजन एकत्र आले की भडका उडू शकतो. द्रव डांबरी रस्त्यावर सांडला तरी धोकाच. कोळशाची पूड त्यात भिजवून खाणींसाठी स्फोटकं बनत होती, बोला!

द्रवाची वाट न पाहताही ऑक्सिजन मिळतो; आपलं नंदुरबार बघा! कोरोनाच्या काळात तिथं हवेतूनच ऑक्सिजन गाळणारे प्लांट 2020 पासून उभे राहिले. तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड मूळचे सामोड्याचे, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आपलाच माणूस!

आता खरी धमाल. देशातली पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ खान्देशातून गेली, माहीत आहे का? 19 एप्रिल 2021, कोरोनाची दुसरी लाट. मुंबईजवळच्या कळंबोलीहून 7 रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढले आणि लिक्विड ऑक्सिजन आणायला निघाले विशाखापट्टणमला. 3320 मिलिमीटरचा टँकर, खाली 1290 ची वॅगन. एवढ्या उंच मालाला घाटातून परवानगी नाही! म्हणून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा. म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर हा आपला ताप्तीकाठचा रूट. 1850 किलोमीटरहून जास्त अंतर, पन्नासेक तासांत!

तिकडे 100 टनांहून जास्त माल भरला. परतीत 3 टँकर नागपूरला उतरले, उरलेले 4 नाशिकला निघाले, म्हणजे पुन्हा भुसावळ, जळगाव, चाळीसगाव. केळीच्या वॅगनची सवय असलेल्या रुळांवरून ते टँकर दोनदा गेले: एकदा रिकामे, एकदा भरलेले.